घोडीचा ताप परत परत का येतो?

प्रश्न : आमचे मामा फेकरीला राहतात. त्यांच्याकडे वरातीची घोडी आहे. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तिला जोराचा ताप आला आणि तीन-चार दिवसांत उतरला. आठवड्याने पुन्हा ताप, पुन्हा उतरला. असे तीनदा झाले. घोडी खात होती, तरी वाळत चालली. पायांवर आणि पोटाखाली सूज आली. पहिल्यांदा रक्त तपासले तेव्हा काही सापडले नाही, दुसऱ्यांदा तपासले तेव्हा डॉक्टरांनी ‘सर्रा’ सांगितला. इंजेक्शन दिल्यावर आता ती बरी आहे. डॉक्टर म्हणाले, “हा जंतू अंगावरचे कपडे बदलतो, म्हणून शरीराला सापडत नाही.” माझ्या शंका अशा : ज्याला ना डोके ना डोळे, त्या जंतूला आपण ओळखले गेलो हे कळते कसे? दर वेळी तो नवीन जनुके बनवतो का? देवीची लस निघाली, मग याची का निघत नाही? आणि हा रोग माणसाला होतो का? आमच्या कॉलनीतली मुले त्या घोडीवर बसतात. — एक वाचक, दीपनगर (ता. भुसावळ)

उत्तर : डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितले ते बरोबरच आहे. मात्र ‘कपडे बदलतो’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक चलाख चोर उभा राहतो, पोलीस दिसताच गल्लीत शिरून सदरा बदलणारा. तुमची पहिली शंका तिथूनच निघाली आणि ती रास्त आहे. हा चोर पोलिसांना पाहतच नाही. न पाहता तो सुटतो कसा, हे एकदा ध्यानात आले की बाकीच्या शंका निम्म्या सुटतात.

आधी जंतूची ओळख करून घेऊ. त्याचे नाव ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय. ग्रिफिथ इव्हान्स हे ब्रिटिश फौजेतले पशुवैद्य. त्यांनी १८८० साली पंजाब प्रांतातल्या डेरा इस्माईल खान येथे आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात तो पाहिला. रोग निर्माण करणारा ट्रिपॅनोसोम जगात पहिल्यांदा सापडला तो असा, आपल्या उपखंडात. रक्तातला हा किडाच रोगाचे कारण आहे, हे त्यांचे म्हणणे तेव्हा वरिष्ठांना पटले नव्हते. ‘सर्रा’ हे नाव मात्र त्याहून जुने. इंग्रजी शब्दकोश ते मराठीतल्या ‘सूर’वरून आले असे सांगतात, म्हणजे नाकपुड्यांतून निघणारा श्वासाचा आवाज. आजारी घोडे ज्याने जवळून ऐकले आहे त्याला हे पटकन पटेल.

मी हा जंतू पहिल्यांदा पाहिला तो विद्यार्थी असताना. काचेच्या पट्टीवर ताज्या रक्ताचा एक थेंब, वर पातळ काच. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी थव्याने शांत पडलेल्या होत्या, आणि मधेच एका ठिकाणी त्या पेशी धक्के खाल्ल्यासारख्या हलत होत्या. जंतू आधी दिसलाच नाही, दिसली ती पेशींची ढकलाढकली. नजर स्थिरावल्यावर त्यांच्यामधून वळवळत जाणारी पारदर्शक पट्टी दिसली. तिच्या एका कडेने लाटेसारखा पडदा हलत होता. लांबी सुमारे २५ मायक्रोमीटर, म्हणजे तांबड्या पेशीच्या तिप्पट-चौपट. अजूनही पशुवैद्यकीय दवाखान्यात सर्राचे निदान बहुधा असेच होते, या हालचालीवरून किंवा रंग दिलेल्या काचेवरून.

हा जंतू एका जनावरातून दुसऱ्यात जातो तो मुख्यतः घोडमाशीच्या तोंडातून. या माशीचा चावा फार झोंबतो. जनावर शेपूट मारते, कातडी थरथरवते, माशी अर्धवट रक्त पिऊन उडते आणि शेजारच्या जनावरावर जाऊन बसते. पहिल्याचे रक्त तिच्या तोंडाला ओलेच असते. जंतूला एवढे पुरते. माशीच्या पोटात तो वाढत नाही. माशी फक्त सुईचे काम करते. या माश्या ओलसर चिखलात अंडी-अळ्यांतून वाढतात, म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर सर्रा डोके वर काढतो. तापीकाठच्या गावांना हे वेगळे सांगायला नको.

आता तापाकडे वळू. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीच्या आत शिरून बसतो. त्याला निदान भिंतीचा आडोसा असतो. सर्राचा जंतू रक्तात उघड्यावर पोहतो. शरीराच्या संरक्षक यंत्रणेसाठी याहून सोपे सावज नाही. त्याच्याजवळ आडोसा एकच, अंगावरचे आवरण. एकाच प्रकारच्या प्रथिनाचे सुमारे एक कोटी रेणू त्याच्या अंगावर शेजारी शेजारी असे दाटीने उभे असतात की खालच्या त्वचेपर्यंत प्रतिपिंडांचा हात पोहोचत नाही. ज्वारीच्या दाट पिकात वरून पाहिले तर कणसेच दिसतात, जमीन दिसत नाही, तसे. १९६९ साली कीथ विकरमन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आफ्रिकेतल्या ट्रिपॅनोसोमच्या अंगावर हे आवरण दाखवले, आणि १९७५ साली जॉर्ज क्रॉस यांनी त्यातले प्रथिन वेगळे काढून सिद्ध केले की प्रत्येक वाणाचे प्रथिन वेगळे असते.

शरीर हे आवरण ओळखते, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, आणि ती पुरेशी झाली की रक्तातले जवळजवळ सगळे जंतू मरतात. ताप उतरतो. घोडी मान वर करून उभी राहते. मामांना वाटते सुटलो. पण लाखांत एखादा जंतू दुसऱ्या आवरणाचा असतो. त्याच्यावर पहिली प्रतिपिंडे चालत नाहीत. तो काही तासांत दोनाचा होतो, दोनाचे चार. आठवडाभरात त्याची प्रजा रक्तात भरते, पुन्हा ताप चढतो. शरीर दुसऱ्या आवरणावर प्रतिपिंडे तयार करते, पुन्हा सफाई, आणि तोवर तिसऱ्या आवरणाचे काही जण सुटलेले असतात.

या लाटा पहिल्यांदा कागदावर उतरवल्या त्या रोनाल्ड रॉस यांनी. सिकंदराबादला १८९७ साली डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी शोधणारे तेच हे रॉस. १९१० साली लिव्हरपूलमध्ये आफ्रिकेतून आलेला निद्रारोगाचा एक रुग्ण होता. रॉस आणि डेव्हिड थॉमसन यांनी त्याच्या रक्तातले ट्रिपॅनोसोम रोज मोजले. रोज, न चुकता. आलेखावर एकामागून एक शिखरे आणि दऱ्या उमटल्या. शिखराच्या दिवशी ताप, दरीच्या दिवशी आराम. तुमच्या मामांनी घोडीच्या तापाच्या तारखा भिंतीवर लिहिल्या असत्या तर तोच आलेख निघाला असता.

म्हणून “घोडीची प्रतिकारशक्ती कमी पडली” असे कोणी म्हणाले तर ते अर्धेच खरे. तिच्या शरीराने तीनही वेळा आपले काम चोख केले. ते दर वेळी जिंकले, पण प्रत्येक लढाईत तांबड्या पेशी खर्ची पडल्या, रक्त पातळ झाले, आणि खात असूनही घोडी वाळली. रोग लांबला की प्रतिपिंडे बनवणारी यंत्रणाही थकते. सर्रा झालेल्या म्हशींना घटसर्पाची लस दिली तेव्हा तिचा प्रतिसाद कमी आढळला आहे. लसीकरण वेळेवर करूनही गोठ्यात रोग आला तर पशुपालकाने ही गोष्ट आठवावी.

आता तुमची पहिली शंका. जंतूला कळते कसे? त्याला कळत नाही. थोडे गणित करू. समजा तापाच्या दिवशी घोडीच्या एक मिलिलीटर रक्तात दहा लाख जंतू आहेत आणि तिच्या अंगात तीस लिटर रक्त आहे. म्हणजे जंतू झाले तीन हजार कोटी. प्रयोगशाळेत जोपासलेल्या ट्रिपॅनोसोममध्ये सुमारे दहा लाख विभाजनांत एखादा जंतू आवरण बदलतो. निसर्गातल्या वाणांत हे प्रमाण याहून पुष्कळ जास्त आढळले आहे. कमीत कमी धरले तरी पहिल्या तापाच्या वेळीच घोडीच्या रक्तात तीस हजार जंतू वेगळ्या आवरणाचे होते. प्रतिपिंडे तयार होण्याच्या आधी. बदल आधी झाला, छाटणी नंतर आली. शेतात फवारणी केल्यावर ज्या बोंडअळ्या वाचतात त्या फवारा पाहून बदललेल्या नसतात, त्या आधीपासूनच वेगळ्या होत्या. इथेही तेच. फरक एवढाच की बोंडअळीत तो वेगळेपणा अपघाताने येतो आणि ट्रिपॅनोसोमकडे बदलण्याची कायमची सोय आहे.

एक गोष्ट मात्र हा जंतू प्रतिपिंड अंगावर बसल्यावर करतो, आणि ती मला आवरण बदलण्याइतकीच विलक्षण वाटते. तो सतत पोहत असतो. पोहताना अंगावरून मागे सरकणारा द्रवाचा प्रवाह आवरणावर चिकटलेल्या प्रतिपिंडांना शेपटीकडच्या टोकाला वाहून नेतो. तिथे एक खळगी असते. तीतून आवरण आत ओढले जाते, प्रतिपिंड आत पचवले जाते आणि धुतलेले आवरण पुन्हा बाहेर येते. आफ्रिकेतल्या ट्रिपॅनोसोमवर केलेल्या मोजमापात संपूर्ण अंगावरचे आवरण असे फिरून यायला सुमारे १२ मिनिटे लागतात. प्रतिपिंडे थोडी असतील तोवर ही धुलाई पुरते. ती वाढली की पुरत नाही, आणि मग वाचतात ते फक्त दुसऱ्या आवरणाचे.

दुसरी शंका : दर वेळी नवीन जनुके? नाही, आणि मला वाटते सगळ्या विषयाचे मर्म इथेच आहे. ‘जंतू बदलला’ म्हटले की आपण उत्परिवर्तन समजतो, म्हणजे जनुकातली अक्षरेच चुकून बदलली. करोनाच्या काळापासून हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. इथे तसे होत नाही. आवरणाची जनुके जंतूजवळ आधीपासून साठवलेली असतात. यावरचे बहुतेक संशोधन सर्राच्या जंतूच्या आफ्रिकी भावंडावर, ट्रिपॅनोसोमा ब्रूसीवर, झाले आहे. (ब्रूसीला आफ्रिकेत पसरवते ती त्सेत्से माशी. सर्राचा जंतू म्हणजे या माशीवाचून जगायला शिकलेला ब्रूसीच, असे आता मानले जाते.) त्याच्या जनुकसाठ्यात आवरणाची सुमारे दोन हजार जनुके आणि जनुकांचे तुकडे आहेत. त्यातली बरीचशी अपुरी, मोडकी. पण एका वेळी, एका जंतूत, चालू असते ते फक्त एक.

भुसावळच्या परिसरात रेल्वेतला माणूस नाही असे घर शोधावे लागेल, म्हणून रेल्वेचेच उदाहरण घेतो. एकेरी मार्गावर पूर्वी टोकन चालायचे. दोन स्टेशनांच्या मधल्या रुळावर जायचे तर ड्रायव्हरच्या हातात ते टोकन हवे. यंत्राची रचनाच अशी की एक टोकन बाहेर असेपर्यंत दुसरे निघत नाही. यार्डात गाड्या कितीही उभ्या असोत, मार्गावर एकच. आता जंतूच्या केंद्रकात या. गुणसूत्रांच्या टोकांना सुमारे पंधरा जागा आहेत. त्यांना फलाट म्हणू. आवरणाचे जनुक वाचले जायचे तर ते यांपैकी एखाद्या फलाटावर असावे लागते. बाकीची शेकडो जनुके दूर यार्डात. आणि पंधरा फलाटांतही टोकन मिळते एकाच फलाटाला.

हे टोकन म्हणजे काय, हे कळायला फार वर्षे गेली. २००१ साली मिगेल नावारो आणि कीथ गल यांनी दाखवले की चालू असलेला फलाट केंद्रकात एका खास ठिपक्यात बसलेला असतो आणि असा ठिपका एकच असतो. जनुक वाचणारी यंत्रे त्या ठिपक्यात गोळा झालेली असतात. त्यानंतर स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात डेव्हिड हॉर्न, लुसी ग्लोव्हर आणि जोआना फारिया यांनी कुलूप लावणारी दोन प्रथिने शोधली. त्यांना वेक्स-१ आणि वेक्स-२ म्हणतात. वेक्स-२ काढून टाकले की शिस्त मोडते : मिटलेले फलाट एकदम उघडतात आणि एकाच जंतूच्या अंगावर अनेक आवरणांची प्रथिने येतात. या जंतूत जनुकाच्या प्रत्येक प्रतीला वापरण्याआधी डोक्यावर एक छोटी टोपी चढवावी लागते. या टोप्यांचा कारखाना वेगळ्या गुणसूत्रावर आहे. २०२१ साली फारिया आणि सहकाऱ्यांनी दाखवले की चालू असलेले आवरणाचे जनुक वाकून येऊन त्या कारखान्याला खेटून बसलेले असते. तिथे जागा एकाचीच. जो खेटला त्याच्या प्रतींवर भराभर टोप्या चढतात, बाकीचे गप्प राहतात. एकट्या जनुकाला पेशीतल्या एकूण प्रथिनांपैकी सुमारे एक दशांश माल पुरवायचा असतो, तेव्हा कारखान्याशेजारी घर हवेच.

यालाच जनुकनियमन म्हणतात : जनुक तेच, प्रश्न फक्त कोणते उघडे आणि कोणते मिटलेले. विभाजनानंतर दोन्ही पिल्लांत तेच जनुक उघडे राहते, म्हणून एका जंतूची सगळी प्रजा एकाच वेशात असते. ही शिस्त का हवी, असे विचाराल. समजा जंतूने दोन हजार आवरणे एकदम घातली. घोडीच्या शरीराला सगळी एकाच आठवड्यात ओळखता आली असती आणि पुढच्या आठवड्यासाठी काही शिल्लक उरले नसते. जंतूचे सगळे बळ साठ्यापेक्षा साठा झाकून ठेवण्यात आहे. मला इतक्या वर्षांनंतरही या गोष्टीचे नवल वाटते. एरवी हा जंतू आपली बाकीची जनुके मालगाडीच्या डब्यांसारखी लांब रांगेत सरसकट वाचत जातो, एकेकाला फारसे आवरत नाही. आवरतो ते इथे, आणि अशा कडेकोटाने.

बदल होतो तो दोन रीतींनी. कधी टोकन एका फलाटाकडून दुसऱ्याकडे जाते. जनुके जागच्या जागी, फक्त उघडे कोणते ते बदलले. याहून जास्त वेळा फलाट तोच राहतो आणि त्यावरची गाडी बदलते : यार्डातल्या एखाद्या जनुकाची नक्कल चालू फलाटावर येऊन बसते आणि जुने पुसले जाते. आजार लांबला की मोडक्या जनुकांचे तुकडे जोडूनही धड आवरण तयार होते. म्हणजे ‘नवीन जनुके बनवतो का’ याचे उत्तर सुरुवातीला ‘नाही’ असे असले, तरी महिन्यांनंतर ‘थोडीफार, जुन्या चिंध्या शिवून’ असे होते. २०१५ साली उंदरांवर केलेल्या एका पाहणीत एकेका लाटेत एकाच वेळी डझनावारी आवरणे वावरताना दिसली. रॉस यांच्या आलेखावर जी एक लाट दिसते ती आतून पाहिली तर अनेक लाटांची गर्दी असते.

हा मार्ग एकट्या ट्रिपॅनोसोमचा नाही. मेंदूपर्यंत जाणारा मलेरिया ज्याच्यामुळे होतो तो फाल्सिपेरम परजीवी तांबड्या पेशीच्या अंगावर आपले एक प्रथिन मांडतो. त्याची सुमारे साठ जनुके त्याच्याजवळ असतात आणि उघडे एकच. बाकीची केंद्रकाच्या कडेला घट्ट गुंडाळून ठेवलेली. दूषित पाण्यातून पोटात जाणारा जिआर्डिया याच्या उलट चालतो : त्याची सुमारे दोनशे जनुके वाचली जातात आणि एक सोडून बाकीच्यांच्या प्रती वाटेतच कापून टाकल्या जातात. तिन्ही जीव एकमेकांपासून फार दूरचे, कुलपे वेगवेगळी, पण चालू ठेवायचे ते एकच, हा नेम तिघांचाही.

लसीचा प्रश्न आता तुम्हीच सोडवू शकाल. देवीच्या विषाणूचे रूप असे पालटत नसे. एकदा दाखवलेली ओळख अनेक वर्षे पुरायची. सर्राच्या एका आवरणावर लस केली तर ती त्या एकाच आवरणापुरती. म्हणून आजवर सर्राची लस नाही. वाट शोधायची ती आवरणाच्या आड दडलेल्या, न बदलणाऱ्या भागांतून. गुरांना होणाऱ्या ट्रिपॅनोसोमा वायव्हॅक्सच्या बाबतीत असे एक प्रथिन मिळाले आहे. २०२१ साली त्याच्या लसीने उंदरांचे संरक्षण झाले. मलेरियातही लस निघाली ती परजीवी रक्तपेशींत शिरून वेश बदलू लागण्याआधीचा टप्पा पकडून. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी आर-२१ ही लस त्याच प्रकारची. जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस ऑक्टोबर २०२३ मध्ये केली.

औषधाबद्दल एक गैरसमज इथेच दूर करतो. आवरण बदलून जंतू औषधाला चकवू शकत नाही. घोड्यांसाठी आपल्याकडे वापरले जाणारे क्विनापायरामीन आवरणाकडे पाहतच नाही, ते जंतूच्या आत जाऊन काम करते. औषधानंतरही ताप परत आला तर कारण दुसरे असते : मात्रा कमी पडली, माशीने नव्याने जंतू आणला, किंवा काही जंतू मेंदूकडे शिरले, जिथे औषध नीट पोहोचत नाही. आणि पहिल्या तपासणीत काही सापडले नाही, यात तपासणाऱ्याची चूक असेलच असे नाही. रक्त बहुधा दोन लाटांच्या मधल्या दरीत घेतले गेले असेल. तेव्हा रक्तात जंतू इतके थोडे असतात की थेंबात एकही येत नाही.

राहिली मुलांची गोष्ट. माणसाच्या रक्तात एपोएल-१ नावाचे एक प्रथिन असते. ट्रिपॅनोसोम ते अन्न समजून आत घेतो आणि ते त्याच्या पडद्यांना भोके पाडते. जंतू फुगून फुटतो. त्यामुळे सर्रा माणसाला होत नाही, असे सगळी पुस्तके सांगत होती. मग २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, शिवणी गावच्या एका शेतकऱ्याला ताप येऊ लागला. येत होता, जात होता, पुन्हा येत होता. असा पाच महिने. रक्तात चक्क ट्रिपॅनोसोम दिसले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परदेशी तज्ज्ञांच्या मदतीने तपास केला. जंतू आफ्रिकेतला नव्हता. तो आपला, गुराढोरांचा इव्हान्साय निघाला. ट्रिपॅनोसोमा इव्हान्सायचा माणसातला तो जगातला पहिला सिद्ध झालेला रुग्ण, आणि २००५ साली त्याची हकिकत प्रसिद्ध झाली. सुरामिन या औषधाने तो शेतकरी बरा झाला.

जंतूने माणसात शिरण्याची नवी युक्ती शोधली की काय, अशी धास्ती तेव्हा सगळ्यांना होती. उत्तर आले ते उलट बाजूने. २००६ साली ब्रुसेल्सच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की जंतू होता तसाच होता. त्या शेतकऱ्याकडे एपोएल-१ नव्हते. आईकडून आणि बापाकडून आलेल्या, दोन्ही जनुकांत दोष होता. त्याच्या रक्तद्रवात बाहेरून ते प्रथिन घातले तेव्हा जंतू मरू लागले. इथे मात्र खरेच उत्परिवर्तन होते, पण ते माणसात.

गावातही तपासणी झाली. १,८०६ जणांचे रक्त एका कार्डावर तपासले, त्यात ४१० जणांत प्रतिक्रिया दिसली, पण जास्त प्रतिक्रिया असलेल्यांच्या रक्तात शोधूनही एकाही माणसात जंतू सापडला नाही. ही कार्डाची चाचणी चालते ती आवरणाच्याच आधारावर. सर्राच्या जंतूची बहुतेक सगळी वाणे आजाराच्या सुरुवातीला ‘रोटॅट १.२’ नावाचे एक ठरावीक आवरण घालतात. पुढे ते उतरवतात, पण त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात राहतात. टाकून दिलेल्या अंगरख्यावरून माग काढावा तशी ही चाचणी. त्या गावात अनेकांच्या अंगात जंतू घोडमाशीने किंवा गोठ्यातल्या कामातून शिरला असावा आणि एपोएल-१ने त्याला तिथेच संपवला असावा, असा तिचा अर्थ लागतो.

तेव्हा कॉलनीतल्या मुलांना घोडीवर बसायला सर्राची हरकत नाही. हरकत आहे ती घोडीचीच. तीन तापांनी तिचे रक्त पातळ झाले आहे, ते भरून यायला आठवडे लागतील. डॉक्टर होकार देईपर्यंत मामांनी तिला वरातीला नेऊ नये आणि मुलांनीही थोडी कळ काढावी. संध्याकाळी एकदा तिच्या पोटाखालून हात फिरवून सूज उतरतेय का ते पाहावे, आणि सकाळी थर्मामीटर लावून आकडा तारखेसह लिहून ठेवावा. तो पुन्हा चढू लागला तर उतरण्याची वाट न पाहता, चढत असतानाच कानाच्या शिरेतला थेंब काचेवर घ्यायला लावावा.